गम बेस

गम बेस हा च्युइंग गम आणि बबल गम यांचा मूळ आधारपदार्थ होय. तो पाण्यात न विरघळणारा, पचन न होणारा आणि पोषणमूल्य नसलेला असतो. चघळताना साखर, गोडी आणणारी अन्य द्रव्ये व स्वाद लाळेत उतरून निघून जातात आणि तोंडात जो लवचिक गोळा शिल्लक राहतो, तो म्हणजे गम बेस. च्युइंग गमच्या एकूण वजनात त्याचा वाटा सामान्यतः २० ते ३५ टक्के असतो, तर बबल गममध्ये तो बहुधा याहून कमी असतो. उरलेला भाग साखर किंवा साखरेला पर्यायी द्रव्ये, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये व रंग यांचा असतो.

गम बेस हा एकच पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यात स्थितिस्थापक बहुवारिके (इलॅस्टोमर), पॉलिव्हिनिल ॲसिटेट, राळेपासून बनवलेली एस्टरे, मेण, स्निग्ध पदार्थ, पायसीकारके, भरणद्रव्ये आणि ऑक्सिडीकरणरोधके यांचा समावेश होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चिकूच्या झाडाचा चीक हा त्याचा प्रमुख घटक होता. आज बहुसंख्य उत्पादनांत त्याची जागा संश्लेषित बहुवारिकांनी घेतली आहे.

## डिंक आणि गम बेस

मराठीत ‘गम’ या शब्दाने डिंक आणि गोंद या दोन्हींचा बोध होत असल्यामुळे गम बेस म्हणजे एक प्रकारचा डिंक असा समज होऊ शकतो. रासायनिक दृष्ट्या हे दोन पदार्थ पूर्णपणे भिन्न आहेत. लाडवांसाठी वापरला जाणारा बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक हा बहुशर्करा वर्गातील पदार्थ असून तो पाणी शोषून फुगतो अथवा पाण्यात विरघळतो. असा डिंक चघळल्यास काही वेळात तो तोंडात विरून जातो. गम बेसमधील स्थितिस्थापक घटक मात्र रबराच्या कुळातील हायड्रोकार्बने असतात. ती पाण्याला दूर सारतात, म्हणूनच कितीही वेळ चघळले तरी गोळा विरघळत नाही.

## इतिहास

### प्राचीन काळ

झाडांची राळ व डांबरासारखे पदार्थ चघळण्याची सवय फार जुनी आहे. डेन्मार्कमधील लोलँड बेटावर सिल्टहोम येथे सापडलेल्या सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीच्या, चघळलेल्या भूर्ज डांबराच्या तुकड्यातून शास्त्रज्ञांनी एका स्त्रीचा संपूर्ण जनुकसंच मिळवला. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच तुकड्यात तिच्या तोंडातील सूक्ष्मजीवांचे तसेच हेझलनट आणि रानबदक यांचे डीएनए आढळले. पाणी न शिरणारा पदार्थ आपल्यात अडकलेली द्रव्ये दीर्घकाळ जपून ठेवतो, हा गुण यातून दिसून येतो. ग्रीसमधील कीऑस बेटावर मॅस्टिक नावाची राळ चघळण्याची परंपरा प्राचीन काळापासून आहे, तर मध्य अमेरिकेतील माया व ॲझ्टेक लोक चिकूच्या झाडाचा चीक चघळत असत.

### चिकल आणि व्यापारी उत्पादन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जॉन कर्टिस यांनी १८४८ मध्ये स्प्रूस वृक्षाच्या राळेचे गम विकण्यास सुरुवात केली. पुढे पॅराफिन मेणापासूनही गम तयार होऊ लागले. स्प्रूसची राळ ठिसूळ व कडवट असे आणि मेणाला ताण सहन होत नसे. या दोन्ही उणिवा चिकल या पदार्थाने दूर केल्या.

चिकल म्हणजे मॅनिलकारा झपोटा या झाडाचा, अर्थात चिकूच्या झाडाचा, आटवलेला चीक. हा शब्द नाहुआत्ल भाषेतील ‘त्सिक्तली’ या शब्दापासून आला आहे. मेक्सिकोचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष अंतोनियो लोपेझ दे सांता आना यांच्यामार्फत चिकल न्यू यॉर्कमधील टॉमस ॲडम्स यांच्या हाती आले. त्यापासून रबराला स्वस्त पर्याय तयार करण्याचा ॲडम्स यांचा प्रयत्न फसला. त्यानंतर त्यांनी ते चघळण्यासाठी विकण्याचे ठरवले आणि १८७१ मध्ये गम तयार करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८९० च्या दशकात विल्यम रिगली यांच्या शिकागोतील कंपनीने गमचा व्यापार मोठ्या प्रमाणावर वाढवला.

चिकलचा पुरवठा मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्प, ग्वातेमालातील पेतेन आणि बेलीझ येथील जंगलांतून होत असे. ‘चिकलेरो’ म्हणून ओळखले जाणारे कामगार पावसाळ्यात झाडावर चढून कोयत्याने खोडावर नागमोडी चिरे पाडत, बुंध्याशी चीक गोळा करत, तो कढईत उकळून त्यातील पाणी कमी करत आणि घट्ट झालेल्या पदार्थाच्या विटा पाडत. एकदा चिरलेल्या झाडाला पुन्हा चिरण्यापूर्वी काही वर्षांची विश्रांती द्यावी लागते. वाढत्या मागणीपुढे ही मर्यादा अडचणीची ठरली आणि घाईने किंवा खोल चिरल्यामुळे अनेक झाडे मेली.

चिकूचे हेच झाड भारतात फळासाठी लावले जाते. महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कच्चा चिकू कापल्यावर ओठांना व बोटांना चिकटणारा पांढरा चीक हा चिकलचाच कच्चा माल होय. भारतातील बागांमध्ये मात्र झाडे फळांसाठी राखली जातात.

### संश्लेषित घटकांकडे संक्रमण

फुगा फुगवता येईल असे गम तयार करण्याचा फ्रँक फ्लीअर यांचा १९०६ मधील प्रयत्न अतिचिकटपणामुळे बाजारात उतरू शकला नाही. त्यांच्याच फिलाडेल्फियातील कंपनीत हिशेबनीस असलेल्या वॉल्टर डीमर यांनी १९२८ मध्ये पुरेसे ताणले जाणारे आणि कमी चिकटणारे मिश्रण शोधले. त्यातून ‘डबल बबल’ हे उत्पादन निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात गमचा समावेश होता, त्यामुळे मागणी वाढली. याच काळात संश्लेषित रबराचे उत्पादनही झपाट्याने विकसित झाले. गुणवत्तेतील सातत्य, कमी किंमत आणि खात्रीचा पुरवठा या कारणांमुळे युद्धोत्तर काळात उत्पादकांनी चिकलऐवजी खनिज तेलजन्य बहुवारिकांचा स्वीकार केला.

## घटक

### नैसर्गिक चीक

चिकलमध्ये पॉलिआयसोप्रीन या बहुवारिकाची सिस आणि ट्रान्स ही दोन्ही रूपे तसेच बरीच राळ असते. सिस रूपामुळे रबरासारखी लवचिकता येते, तर ट्रान्स रूप गटापर्चाप्रमाणे तुलनेने ताठ असते. राळ या दोहोंना मऊ ठेवते. म्हणजेच चिकल हा निसर्गतःच बव्हंशी सिद्ध झालेला गम बेस आहे. चिकलखेरीज आग्नेय आशियातील जेलुटाँग, ॲमेझॉन खोऱ्यातील सोर्वा, मसारांडुबा बलाटा, निस्पेरो, ग्वायूले तसेच रबराच्या झाडाचा चीक यांचाही वापर झाला आहे.

### स्थितिस्थापक बहुवारिके

ताणल्यावर मूळ आकाराकडे परतण्याचा गुण या घटकांमुळे येतो. यात पुढील तीन बहुवारिके प्रमुख आहेत :

* पॉलिआयसोब्यूटिलीन – मऊपणा व चघळण्यातील सहजता देते. रेणुभार कमी असल्यास ते दाट चिकट द्रवासारखे आणि जास्त असल्यास रबरासारखे वागते.
* ब्यूटिल रबर – आयसोब्यूटिलीन आणि अल्प प्रमाणातील आयसोप्रीन यांचे सहबहुवारिक. ते दीर्घकाळ चघळूनही टिकणारी लवचिकता देते.
* स्टायरीन-ब्यूटाडाईन रबर – चांगली प्रत्यास्थता असलेले व तुलनेने स्वस्त. त्याच्या रेणूंत द्विबंध अधिक असल्याने हवेतील ऑक्सिजनचा त्यावर लवकर परिणाम होतो.

### पॉलिव्हिनिल ॲसिटेट

लाकडाच्या पांढऱ्या गोंदामुळे परिचित असलेले हे बहुवारिक खाद्यप्रतीच्या स्वरूपात गम बेसमध्ये वापरले जाते. कमी रेणुभाराचे पॉलिव्हिनिल ॲसिटेट गोळ्याला मऊ करते आणि त्याचा अतिचिकटपणा आटोक्यात ठेवते. जास्त रेणुभाराचे पॉलिव्हिनिल ॲसिटेट बळकट पातळ पडदा तयार करते, त्यामुळे बबल गममध्ये त्याला विशेष महत्त्व आहे.

### राळ व राळेची एस्टरे

पाइन किंवा चीड वृक्षापासून मिळणाऱ्या रोझिनची ग्लिसरॉलशी अभिक्रिया करून ‘एस्टर गम’ तयार करतात. रोझिन तीन मार्गांनी मिळते : जिवंत झाडाला चिरा देऊन, जुन्या खोडांच्या बुंध्यांतून आणि कागदाचा लगदा करताना निघणाऱ्या उपपदार्थापासून. मूळ रोझिन सहज ऑक्सिडीकृत होते, म्हणून त्याचे अंशतः हायड्रोजनीकरण करण्याचीही पद्धत आहे. टर्पेंटाइनमधील पायनीन किंवा लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील लिमोनीन यांपासून बनवलेल्या टर्पीन राळाही वापरल्या जातात. राळ रबराच्या लांब रेणूंमध्ये शिरून त्यांना परस्परांवरून सरकू देते. तिच्यामुळेच रबर आणि पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे एरवी फारसे न मिसळणारे घटक एकत्र नांदतात.

### मेण, स्निग्ध पदार्थ व पायसीकारके

पॅराफिन व सूक्ष्मस्फटिकी मेण, हायड्रोजनीकृत वनस्पती तेले, ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, लेसिथिन आणि ट्रायॲसिटिन हे या गटातील पदार्थ आहेत. ते मिश्रण मऊ करतात आणि ते दातांना चिकटण्याचे प्रमाण घटवतात. पायसीकारकांमुळे बेस काही प्रमाणात लाळ धरून ठेवतो. हे घटक कमी पडल्यास गम कोरडे व ताठ लागते, तर जास्त झाल्यास गोळा पसरट होऊन तोंडात तुटू लागतो.

### भरणद्रव्ये

कॅल्शियम कार्बोनेट, शंखजिरे आणि डायकॅल्शियम फॉस्फेट ही बारीक दळलेली खनिजे गोळ्याला आकारमान व घट्टपणा देतात, तसेच खर्च कमी करतात. यांपैकी निवड स्वादावर अवलंबून असते. लिंबू, संत्रे अशा आंबट स्वादाच्या गममध्ये सायट्रिक अम्ल असते. कॅल्शियम कार्बोनेटशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आंबटपणाही नाहीसा होतो. अशा वेळी अम्लाशी अभिक्रिया न करणारे शंखजिरे वापरतात.

### ऑक्सिडीकरणरोधके

रबर, राळ व स्निग्ध पदार्थ हवेत खवट किंवा ठिसूळ होऊ नयेत यासाठी बीएचटी, बीएचए किंवा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व वर्गातील संयुगे) अत्यल्प प्रमाणात मिसळतात.

## घटकांचे प्रमाण

प्रत्येक उत्पादकाचे नेमके सूत्र हे व्यावसायिक गुपित मानले जाते. च्युइंग गमसंबंधीच्या पेटंटांत मात्र पुढील व्यापक मर्यादा वारंवार आढळतात. त्या गम बेसच्या वजनाच्या प्रमाणात आहेत :

* संश्लेषित बहुवारिके (पॉलिव्हिनिल ॲसिटेटसह) : २० ते ६० टक्के
* नैसर्गिक चीक : ० ते ३० टक्के
* राळ व राळेची एस्टरे : ५ ते ५५ टक्के
* भरणद्रव्ये : ४ ते ३५ टक्के
* मेण, स्निग्ध पदार्थ व पायसीकारके : ५ ते ३५ टक्के
* रंग, ऑक्सिडीकरणरोधके इत्यादी : सुमारे १ टक्का किंवा कमी

या मर्यादा इतक्या रुंद असण्याचे कारण असे की, एक घटक बदलला की इतरांचे प्रमाण नव्याने जुळवावे लागते. उदाहरणार्थ, भरणद्रव्य वाढवल्यास गोळा ताठ होतो, मग मृदुकारके वाढवावी लागतात. मृदुकारके वाढली की बंध सैल होतात आणि अधिक रबराची गरज भासते. स्वादद्रव्यांचाही हिशेब धरावा लागतो, कारण पुदिना किंवा दालचिनीची तेले बेसमध्ये विरघळून त्याला आणखी मऊ करतात.

## कार्यपद्धती

ज्या तापमानाखाली बहुवारिक काचेसारखे कडक होते आणि ज्याच्यावर ते मऊ होते, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. पॉलिआयसोब्यूटिलीनचे हे तापमान सुमारे उणे ७० अंश सेल्सिअस असल्याने ते नेहमीच मऊ असते. पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे मात्र सुमारे ३० ते ४० अंश, म्हणजे तोंडातील तापमानाच्या आसपास असते आणि कमी रेणुभाराच्या प्रकारात ते आणखी खाली येते. त्यामुळे वेष्टनातील गमची पट्टी मोडता येण्याइतकी ताठ असते व तोंडातील उष्णता आणि ओलावा मिळताच काही क्षणांत मऊ होते. थंड पाणी प्यायल्यावर चघळलेले गम एकाएकी कडक लागते, त्याचे कारणही हेच आहे. कपड्याला चिकटलेले गम बर्फाने गोठवून खरवडून काढण्याचा घरगुती उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे.

साखर पाण्यात विद्राव्य असल्याने ती पहिल्या काही मिनिटांतच निघून जाते. स्वादाची तेले मात्र पाण्यापेक्षा बेसमध्ये अधिक सहज विरघळतात. म्हणून ती हळूहळू बाहेर पडतात व त्यांचा काही भाग शेवटपर्यंत गोळ्यातच राहतो. गोडी संपल्यावर स्वादही संपल्यासारखा वाटतो, परंतु स्वादद्रव्य तोपर्यंत पूर्णपणे संपलेले नसते. चॉकलेटबरोबर चघळल्यास गम विरघळल्यासारखे होते, कारण चॉकलेटमधील स्निग्धांश बेसमधील घटकांना अतिशय मऊ करून गोळ्याची बांधणी मोडतो.

बेसच्या याच धारणशक्तीचा उपयोग औषधे देण्यासाठी होतो. धूम्रपान सोडण्यासाठीच्या गममध्ये निकोटिन आयन-विनिमय राळेला बांधून बेसमध्ये मिसळलेले असते, त्यामुळे ते चघळण्याच्या वेगानुसार टप्प्याटप्प्याने सुटते. अमेरिकेत अशा गमला १९८४ मध्ये मान्यता मिळाली.

## निर्मिती

गम बेस तयार करण्यासाठी इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराची पाती असलेले, बाहेरून तापवता येणारे मळण्याचे यंत्र वापरतात. घटक टाकण्याचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम रबर आणि भरणद्रव्याचा काही भाग एकत्र मळतात. खनिजाच्या कणांमुळे घर्षण वाढून रबराचे तुकडे फुटतात व एकजीव होतात. त्यानंतर राळ, मग पॉलिव्हिनिल ॲसिटेट आणि शेवटी मेण व स्निग्ध पदार्थ घालतात. मृदुकारके आरंभीच घातल्यास रबर यंत्रात नुसते घसरत राहते आणि मिश्रणात न फुटलेल्या गाठी उरतात. या गाठी पुढे चघळताना दाताखाली जाणवतात. पुरेसे मळून झाल्यावर वितळलेले मिश्रण गाळून त्याच्या लाद्या किंवा बारीक गोळ्या पाडतात.

गम बनवणारे कारखाने हा बेस बहुधा विशेष उत्पादकांकडून विकत घेतात. तो गरम करून मऊ झाल्यावर त्यात ग्लुकोज सिरप, दळलेली साखर किंवा सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांसारखे पर्याय आणि अखेरीस स्वाद मिसळतात. उष्णतेने स्वाद उडून जाऊ नये म्हणून तो शेवटी घालतात. नंतर मिश्रण लाटून त्याच्या पट्ट्या कापतात अथवा गोळ्यांवर फिरत्या भांड्यात कठीण गोड आवरण चढवतात.

## नियमन आणि वेष्टनावरील माहिती

अमेरिकेत संघीय नियमसंहितेच्या २१ व्या शीर्षकातील कलम १७२.६१५ मध्ये गम बेससाठी अनुमत पदार्थांची यादी दिली आहे. काही बहुवारिकांसाठी तेथे किमान रेणुभारही ठरवलेला आहे. पॉलिव्हिनिल ॲसिटेटसाठी तो २,००० आणि पॉलिआयसोब्यूटिलीनसाठी ३७,००० आहे. लहान रेणू शरीरात शोषले जाण्याची शक्यता अधिक असल्याने अशा मर्यादांना महत्त्व आहे. भारतात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत च्युइंग गम व बबल गम यांची मानके दिलेली असून बेस नैसर्गिक किंवा संश्लेषित असला तरी तो विषारी नसावा, अशी अट आहे.

वेष्टनावर मात्र या सर्व घटकांसाठी बहुधा ‘गम बेस’ एवढा एकच शब्द असतो. युरोपीय संघाच्या २०११ मधील अन्नमाहितीविषयक नियमातही या सामूहिक नावाला मुभा आहे. यामुळे उत्पादकाचे सूत्र सुरक्षित राहते, परंतु आपण चघळतो ते झाडाचा चीक आहे की खनिज तेलजन्य बहुवारिक, हे ग्राहकाला केवळ वेष्टन वाचून कळत नाही. ग्लिसरीन व स्टिअरेट वर्गातील पदार्थ वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य अशा दोन्ही स्रोतांपासून बनू शकतात. त्यामुळे शाकाहारी ग्राहकांच्या दृष्टीने भारतातील शाकाहारी-मांसाहारी चिन्हाला येथे विशेष अर्थ आहे.

## आरोग्य

गिळलेले गम सात वर्षे पोटात राहते, हा समज निराधार आहे. बेस पचत नसला तरी अन्नातील इतर न पचणाऱ्या भागाप्रमाणे तो आतड्यांच्या हालचालींनी पुढे सरकून शौचावाटे बाहेर पडतो. मात्र वारंवार गम गिळण्याची सवय असलेल्या लहान मुलांमध्ये त्याचा गोळा साचून आतड्यात अडथळा निर्माण झाल्याची तुरळक उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. गम चघळताना बेसचे सूक्ष्म प्लास्टिक कण लाळेत मिसळतात का, यावर अलीकडे संशोधन सुरू झाले आहे. २०२५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत मांडलेल्या एका प्राथमिक अभ्यासात नैसर्गिक व संश्लेषित अशा दोन्ही प्रकारच्या गममधून असे कण सुटल्याचे आढळले. हा अभ्यास लहान होता आणि कणांमुळे मानवी आरोग्यावर काय परिणाम होतो, याची तपासणी त्यात केलेली नव्हती.

## पर्यावरण

जे गुण गम बेसला चघळण्याजोगा बनवतात, तेच त्याला टिकाऊ कचरा बनवतात. पाणी, ऊन व सूक्ष्मजीव यांचा संश्लेषित बेसवर फार सावकाश परिणाम होतो. पदपथाच्या खडबडीत पृष्ठभागात तो दाबला गेला की पावसाने धुऊन जात नाही आणि धूळ बसून काळा डाग उरतो. तो काढण्यासाठी गरम पाण्याचे किंवा वाफेचे उच्च दाबाचे फवारे वापरावे लागतात. सिंगापूरने १९९२ मध्ये च्युइंग गमच्या आयात व विक्रीवर बंदी घातली. २००४ पासून उपचारात्मक गमला तेथे अपवाद करण्यात आला.

या पार्श्वभूमीवर काही उत्पादक पुन्हा चिकलकडे वळले असून मेक्सिकोतील चिकलेरोंच्या सहकारी संस्था जैवविघटनशील गम तयार करतात. चिकलला मागणी राहिल्यास उभ्या जंगलाला आर्थिक मोल मिळते. तथापि चिरलेल्या झाडाला लागणारी विश्रांती आजही तेवढीच असल्यामुळे जगातील संपूर्ण गम उद्योगाची गरज केवळ चिकलवर भागणे शक्य नाही. म्हणून नैसर्गिक चिकाबरोबरच, विघटन होऊ शकणारी व कमी चिकटणारी नवी बहुवारिके शोधण्याचे प्रयत्नही सुरू आहेत.

## हे सुद्धा पहा

* चिकू
* नैसर्गिक रबर
* गटापर्चा
* राळ
* बहुवारिक